‘दुकान वाढव’ म्हणाले

आमचे हे गेले तेव्हा शेवटचं बोलले ते दोनच शब्द. ‘दुकान वाढव.’ खोलीत मी होते, सासूबाई होत्या आणि थोरले दीर होते. तिघांनीही नीट ऐकलं. आणि तरी त्या दोन शब्दांवरून आमच्या घरात जे रामायण झालं ते मी आज सांगून टाकणार आहे, कारण सांगायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

आपल्यात दुकान बंद होत नाही. ‘बंद’ म्हणणं अशुभ, म्हणून दुकान वाढवायचं. नारळ फुटत नाही, वाढतो. बांगडी पिचली तर ती वाढली, मंगळसूत्र तुटलं तरी तेही वाढलं. माझ्या हातांतल्या बांगड्या त्या दिवशी बायकांनी वाढवल्याच. जे संपतं त्याला आपण वाढणं म्हणतो, आणि वर म्हणतो की शब्दांत काय आहे! काय आहे ते मला विचारा.

थोरल्यांनी सरळ अर्थ लावला. भाऊ जाताना सांगून गेला की दुकान कायमचं बंद कर, आईला आणि हिला कोकणात गावच्या घरी ने. मी म्हटलं, छे. गेलं वर्षभर ह्यांच्या तोंडी एकच विषय होता. पायाने चालवायचं करवतीचं यंत्र घ्यायचं, एका कामाच्या जागी तीन कामं काढायची, दुकान मोठं करायचं. जेवताना यंत्र, झोपताना यंत्र. मग ‘वाढव’ म्हणजे दुसरं काय असणार?

दुकान म्हणजे काही पेढी नव्हे. गिरगावात रस्त्याच्या तोंडाशी एक खोली आणि तिच्या मागे आमची राहायची खोली. काम जाळीचं. पातळ फळीवर नक्षीचा कागद चिकटवायचा, भोकं पाडायची, भोकातून केसासारखं बारीक पातं ओवायचं आणि रेषेवरून कापत जायचं. खोताच्या वाडीतल्या लाकडी घरांच्या सज्ज्यांना झालरी लागत, कुणाला देव्हाऱ्याची महिरप, कुणाला गणपतीचं मखर, कुणाला तसबिरीची चौकट. हे पुढे बसून गिऱ्हाइकाशी बोलत, नक्षी काढत, लाकूड बघत. कापायची मी, मागच्या दाराआड. लोक म्हणत, काय बारीक हात आहे हो तुमचा! ह्यांचा हात फावड्यासारखा होता. हे नुसते हसत आणि विडी पेटवत. मलाही त्याचं काही वाटत नसे, तसंच चालायचं.

ताप साधाच होता. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, शहरात आला तो नंतर, तेव्हा त्याचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. आठवडाभर अंग भाजत होतं, मग बोलणं तुटक झालं आणि मग ते दोन शब्द.

मला रडू आलं नाही. खरंच सांगते, मला काहीच झालं नाही. शेजारच्या बायका येऊन गळ्यात पडत, हंबरडा फोडत, आणि मी त्यांच्या खांद्यावरून कोपऱ्यातल्या फळ्यांकडे बघत बसे. एक फळी वाकायला लागली होती. तिच्यावर काहीतरी जड ठेवलं पाहिजे, एवढंच मनात येई. जेवायला बसवलं की जेवत होते, नीज म्हटलं की निजत होते. ‘दगड झालीय हो पोर’, असं बायका माझ्यासमोरच म्हणत. मला वाटे, बाई, दगड तरी उन्हात तापतो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी थोरले एका सुताराला घेऊन आले. थोरले परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, राहायला लालबागेत. माणूस वाईट नव्हता हो, भावाचा शब्द पाळत होता. एकेक हत्यार उचलून सुताराच्या पोत्यात टाकत होते आणि प्रत्येक हत्यारामागे उपरण्याने डोळे पुसत होते. मी दाराआडून बघत होते. करवतीची कमान गेली, गिरमिटं गेली, कानशी गेल्या, सरसाचं भांडं गेलं.

आता थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची रीत नव्हती. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि बोलायचं ते सासूबाईंमार्फत. मी दाराच्या अलीकडे, थोरले पलीकडे, मध्ये हातभर फळी. तरी मी म्हणायचं, “सासूबाई, त्यांना सांगा, दुकान मोठं करायला सांगितलंय.” मग ते म्हणायचे, “आई, तिला सांग, बंद करायला सांगितलंय. माझ्याकडे बघून म्हणाला तो.”

“सासूबाई, त्यांना सांगा, माझ्याकडे बघून म्हणाले.”

“आढ्याकडे बघत होता तो,” सासूबाई तपकिरीची चिमूट ओढत म्हणाल्या. “उगाच भांडू नका.”

शेवटी थोरले म्हणाले की दिवाळी झाली की जातीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन येतो, ते काय ते ठरवतील, तोवर धाकटीने सामान बांधायला घ्यावं. गेले. दुकानात भिंतीवर हत्यारांच्या जागी नुसते खिळे उरले होते.

गावी जायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. गाव मला आवडत नव्हतं असं नाही. पण तिथे मी कुणाच्या तरी चुलीपुढे बसणार, कुणाची तरी पोरं सांभाळणार, आणि हे हात पुन्हा कधी फळीला लागणार नाहीत. दुकान गेलं की मीही गेले, इतकं ते साधं होतं. हे मला डोक्याने कळत होतं. पण ते सगळं जणू दुसऱ्याच कुणा बाईचं चाललं होतं.

दोन गिऱ्हाइकं आली. एकीने देव्हारा सांगितला होता, ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली की राहू दे आता, विधवेच्या हातचा देव्हारा कसा नेऊ? मी म्हटलं, “बरं.” आजवरचे सगळे देव्हारे ह्याच हातचे, पण तेव्हा कपाळावर कुंकू होतं ना! दुसरी खोताच्या वाडीतली म्हातारी ख्रिस्ती बाई. तिच्या सज्ज्याची झालर अर्धी कापून पडली होती. ती आत येऊन सरळ पाटावर बसली आणि विचारलं, “झालर कधी देतेस?”

मी म्हटलं, “ते गेले ना, बाई.”

“ते मला ठाऊक आहे. पण मी दुपारची इथून जाते तेव्हा तो पुढे विडी ओढत बसलेला असायचा आणि करवत आत चालू असायची. कापायचीस तू. कधी देतेस?”

हे आतून ऐकणाऱ्या सासूबाईंनी त्या दिवशी संध्याकाळी आपल्या पेटीच्या तळातून दोन पाटल्या काढल्या. त्याही माझ्यासारख्याच विधवा, अंगावर कुठे चढणार होत्या आता. म्हणाल्या, “उद्या सोनाराकडे मोडू आणि तुझं ते यंत्रबिंत्र घेऊन येऊ. माझ्या पोराने वाढव म्हटलंय ना, मग वाढव.”

मार्केटाजवळ एका बोहऱ्याचं हत्यारांचं दुकान होतं. आम्ही दोघी घोड्याच्या ट्रामने गेलो. आता गंमत अशी, की मी इतकी वर्षं कापत होते पण एक हत्यार कधी विकत घेतलं नव्हतं. हे आणून देत, मी वापरत असे. मला हत्यारं हाताने ठाऊक होती, त्यांची बाजारातली नावं ठाऊक नव्हती. बोहऱ्याने विचारलं, “कौनसा नंबर?” मी म्हटलं, “बारीक.” तो म्हणाला, “बाई, बारीक में भी बहुत बारीक हैं.” सासूबाई म्हणाल्या, “सगळी दाखव, ती हात लावून सांगेल.”

त्याने पात्यांच्या जुड्या पुढ्यात ओतल्या. पहिली जुडी चकचकीत होती, तीच तो पुढे सरकवत होता. “जर्मन माल है, आंख बंद करके ले जाव.” मी डोळे बंद केले नाहीत. एक पातं काढून त्याचा गोल केला आणि सोडला. सरळ व्हायला हवं होतं, ते वाकडंच राहिलं. दुसरी जुडी तेलाच्या कागदात गुंडाळलेली होती, वरून काळपट, बघायला कळाहीन. तिच्यातलं पातं गोल करून सोडलं तर टण्णदिशी सरळ झालं. दाते अंगठ्याच्या नखावरून ओढून पाहिले. चांगलं पातं नखाला सारखं धरतं, वाईट पातं कुठे धरतं, कुठे घसरतं. समुद्राच्या हवेने गिरगावात लोखंड चार दिवसांत गंजतं, म्हणून तेलातली घेतली. पातळ फळीला बारीक, झालरीच्या जाड सागाला जरा मोठ्या दात्यांची. गिरमिटाची टोकं बघितली, एक कानस गोल आणि एक चपटी घेतली. सरस काळा नको, मधासारखा हवा, उजेडात धरला तर पलीकडचं दिसणारा. बोहरी मग आपला माल पुढे सरकवायचा सोडून मी मागेन ते देऊ लागला.

मग यंत्र. कोपऱ्यात उभं होतं, शिवणाच्या यंत्रासारखं, खाली पायाची फळी, बाजूला चाक, वर दोन लांब हात आणि हातांच्या टोकांमध्ये पातं. ह्यांनी मला जे इतक्यांदा हवेत हात फिरवून दाखवलं होतं ते असं असतं होय, म्हणून मी बघत राहिले. बसून पाय चालवले. चाक जरा डुलत होतं. बोहरी म्हणाला, चलेगा. मी म्हटलं, नाही चलेगा, चाक डुललं की पातं डुलतं आणि रेषा सुटते. त्याने आतून दुसरं काढून आणलं. त्याला रंग कमी होता, पण पातं वरखाली सरळ जात होतं. तेच घेतलं. एक साधी हाताची कमानही घेतली, कारण कोपऱ्यातलं नाजूक काम पायाने होत नाही.

परतताना वखारीत सागाच्या फळ्या सांगितल्या. सज्ज्याला सागच. पावसाला, खाऱ्या वाऱ्याला दुसरं काही टिकत नाही. फळी उभी धरून बोटाच्या पेराने ठोकली, आवाज खणखणीत आला तर सुकलेली, बोदा आला तर ओली. सासूबाईही मग प्रत्येक फळीला ठोकायला लागल्या आणि वखारवाला हसायला लागला. मीही हसले असेन. आनंद झाला नाही, तरी तोंड हसतं माणसाचं.

दुसऱ्या दिवसापासून झालर सुरू केली. यंत्र मागच्या खोलीत नाही ठेवलं. पुढे, दुकानातच, दार उघडं टाकून. लोक थबकून बघत. विधवा बाई पाय हलवत रस्त्यासमोर बसलीय म्हणजे काय! मी मान वर करत नसे. पाय आपले चालत होते, लाकडाचा भुसा मांडीवर पडत होता. कुणी काही बोललं तर आतून एकच उत्तर तयार असे. ते सांगून गेलेत, वाढव म्हणून. त्या शब्दाला धरून मी सकाळी उठत होते. दुसरं धरायला होतंच काय?

दिवाळी नुकतीच झाली होती. झालरीचा शेवटचा तुकडा हातात होता, आणि एका पानाचं टोक कापता कापता कागदावरची रेषा दिसेनाशी झाली. उजेड गेला होता. उजेड गेल्यावर कापलं की पातं तुटतं, म्हणून दिवेलागण झाली की हात थांबवायचा, हा आमच्या घरचा नियम. मी पाय थांबवले. आणि माझ्या कानात ह्यांचा आवाज आला. भुताखेताचं नव्हे हो, आठवणीतला. रोज ह्या वेळेला पुढून हाक यायची. “अगं, दिसत नाही आता. दुकान वाढव.” मग मी पातं काढायची, फडकं मारायची, हे दुकानाच्या दाराला फळ्या लावायचे आणि आम्ही जेवायला बसायचो. वर्षानुवर्षं, रोज! रोजचं वाक्य ते, कानावरून जायचं, कुणी ऐकतं का ते?

आणि मग मला खिडकी आठवली. ताप चढला तेव्हा उजेड डोळ्यांना टोचतो म्हणाले, म्हणून थोरल्यांनी खिडकीला गोणपाट लावलं होतं. खोलीत भर दुपारी अंधार होता. त्यांनी डोळे उघडले, अंधार बघितला, आणि त्यांना वाटलं, संध्याकाळ झाली.

एवढंच. मोठं कर नाही, बंद कर नाही. मी यंत्रावर तशीच बसून राहिले. सासूबाईंनी दिवा लावून आणला, “बरं नाही का?” म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्या हातात काय उरलं असतं?

दोन दिवसांनी थोरले आले, बरोबर जातीतले दोघे म्हातारे. पुढच्या खोलीत सतरंजीवर बसले. मी दाराआड. थोरल्यांनी सगळं सरळ मांडलं, काही वाढवून सांगितलं नाही. सासूबाईंनी माझी बाजू सांगितली, यंत्र दाखवलं, पुरी झालेली झालर उलगडून दाखवली. एका म्हाताऱ्याने झालरीच्या पानांवरून हात फिरवला. मग म्हणाला, “मरणाऱ्याचा शब्द मोडता येत नाही. दोघांनी दोन ऐकले. पण बायकोला नवऱ्याचं बोलणं जास्त कळतं. पोरीने तुळशीवर हात ठेवून सांगावं की त्याने मोठं कर असंच म्हटलं. मग दुकान तिचं. कुणी हूं की चूं करणार नाही.”

सासूबाई उठल्या, दारातून तुळशीची कुंडी उचलून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. त्यांचा चेहरा उजळला होता. एक हात ठेवायचा, चार शब्द बोलायचे. मी हात पुढे केला आणि तो खाली जाईना. इतके महिने मला काही वाटलं नव्हतं आणि आता एकदम सगळं वाटायला लागलं. खोटं बोलायची भीती नव्हती, दुकानासाठी मी खोटंही बोलले असते. पण ह्यांची ती शेवटची संध्याकाळ होती. ती विकून दुकान घ्यायचं, हे मला होईना.

मी पदर सावरला आणि दाराबाहेर आले. रीत गेली खड्ड्यात.

“त्यांनी काहीच सांगितलं नाही,” मी म्हटलं. “खिडकीला गोणपाट होतं. त्यांना वाटलं दिवेलागण झाली. रोज म्हणायचे तसं म्हणाले. सकाळी उघडायचंच होतं त्यांना.”

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. म्हाताऱ्याने खाकरून विचारलं, “म्हणजे शब्द नव्हताच. मग बाई, आता तुझं म्हणणं काय?”

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. “मला दुकान पाहिजे,” मी म्हटलं. “त्यांच्यासाठी नाही. मला कापायला येतं, मला कापायचंय.” तीन पुरुषांसमोर बोलत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

म्हाताऱ्यांनी थोरल्यांकडे बघितलं. थोरले सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत होते. “राहू दे तिला,” ते म्हणाले. “माझं काही म्हणणं नाही.” मग दोघे म्हातारे उठले, वहाणा घातल्या आणि रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलेही. थोरले मात्र ओट्यावरच थांबले. पाठमोरे होते. मग वळले आणि लग्न होऊन मी ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघून, मला बोलले.

“म्हणजे जाताना मला काहीच नाही म्हणाला तो?”

“मलाही नाही, भावोजी.”

ते ओट्यावर खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मी उंबऱ्याच्या आत बसले आणि मीही रडले.